शेकलेले ड्रम

घरगुती मैलाटाक्या उपसणाऱ्या कंत्राटदारांसाठी सरकारने जी मार्गदर्शिका काढली, तिचं सातवं कलम मला तोंडपाठ आहे. 'राखणेचा वास येत असल्यास कोणत्याही व्यक्तीने टाकीत उतरू नये.' वाक्य सरळ आहे, शुद्ध आहे. एकाही अधिकाऱ्याला त्यात खोट दिसली नाही. माझा भाऊ निशांत या वाक्याने मेला.

मी काही गरीब गाय नाही, हे आधीच सांगून ठेवते. आई म्हणायची, "हिचा राग लोणच्यासारखा मुरतो." आई गेली, पण तिचं म्हणणं खोटं ठरलेलं नाही. तेव्हा ही गोष्ट क्षमेची असेल असं समजून कुणी वाचायला बसलं असेल, तर त्याने खुशाल उठावं.

मिरजेच्या बाहेर उसाच्या रानांवर कॉलन्या उठल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. ड्रेनेजची लाइन काही त्यांच्यामागे धावत आली नाही. त्यामुळे प्रत्येक बंगल्याच्या अंगणात एक टाकी. टाकीत हवा खेळत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथला मैला खातात आणि खाता खाता वायू सोडतात. मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडासा हायड्रोजन सल्फाइड. पहिल्या दोघांना वास नाही. नाकाला कळतो तो तिसरा, सडक्या अंड्याचा. मी डॉक्टर नसीम मुजावर यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. आम्ही असा एक जिवाणू वाढवला की जो हा तिसरा वायू गिळायचा आणि त्याची पिवळट गंधकाची भुकटी करून खाली बसवायचा. टाकीत ठरलेला डोस टाकला की वास बंद. आम्ही त्याचं नाव ठेवलं मौनी.

पण मुजावर मॅडम हुशार बाई. त्या म्हणाल्या, "कांचन, वास म्हणजे टाकीवरचा पहारेकरी होता. तो आपण काढून टाकला. बाकीचे वायू आहेत तिथेच आहेत, प्राणवायू नाहीच आहे. आता आत काय आहे ते माणसाला कळणार कसं?" स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घालतात. तसंच आम्ही केलं. राखण नावाचा दुसरा जिवाणू तयार केला. टाकीत प्राणवायू कमी असेल तोवर तो एक उग्र वास सोडत राहतो. झाकण उघडलं, हवा खेळली, की गप्प. मौनी आणि राखण एकाच ड्रममध्ये सीलबंद करून द्यायचे, हे मार्गदर्शिकेत आलं. टाकी उपसायची ती यंत्रानेच, माणूस फक्त अपवाद म्हणून आणि तोही राखण गप्प असेल तरच, हेही आलं. राखणेचा थोडासा वास टाकीच्या पाइपातून बाहेर येणारच होता. तेवढा लोक सोसतील असं आम्हाला वाटलं.

आमच्या घरात मात्र मौनीचं कौतुक वेगळ्याच कारणाने झालं. आमचे वडील टाक्या उपसायचे. लोक त्यांना लांबून चहा द्यायचे, प्लास्टिकच्या ग्लासात, आणि वर सांगायचे, ग्लास जाताना कुंडीत टाका. निशांत त्याच धंद्यात शिरला, पण यंत्रावर. मगदूम कंत्राटदाराच्या गाडीवर तो सोंड चालवायचा. सोंड म्हणजे कॅमेरा लावलेली जाड नळी, आत जाऊन सगळं ओढून घेते. कपड्यांना वास नाही, अंगाला वास नाही. एकदा त्याने मला भरदुपारी फोन केला.

"आक्का, आज सोफ्यावर बसलो."

"कुणाच्या रे?"

"कामावरच. त्या बाई म्हणाल्या, उन्हात कशाला उभे, आत बसा की. कपबशीतनं चहा दिला. बशीसुद्धा दिली आक्का!"

एवढं सांगायला फोन केला होता त्याने. मी हसले, आणि फोन ठेवून रडले.

दिवाळीच्या आधी गोकुळ पार्कमध्ये सोंडेच्या तोंडात चिंध्या अडकल्या. नियमाने सोंड मागे घ्यायची, उलगडून साफ करायची, दुपार त्यातच जाते. मगदूमला पुढची कामं होती. अजिंक्य मगदूम, तालुक्यातला सगळ्यात मोठा कंत्राटदार, सगळे त्याला दादा म्हणतात. पुढे काय झालं ते गाडीच्या ड्रायव्हरने मला सांगितलं. समितीसमोर मात्र त्याच्या तोंडाला कुलूप होतं.

दादा म्हणाला, "वास येतोय का रे?"

निशांत म्हणाला, "न्हाई दादा."

"मग काय पूजा घालायची व्हय टाकीची? उतर आन् काढ त्या चिंध्या."

निशांत उतरला आणि खाली जाऊन बसला, जणू दमला होता. उठला नाही.

चौकशी झाली. ड्रमचं सील शाबूत होतं, डोस वेळेवर पडला होता, म्हणजे टाकीत राखण होती, म्हणजे वास आलाच असणार. आलेला वास न जुमानता कामगार उतरला. 'मृताचा निष्काळजीपणा.' मेलेल्या माणसाला बोलता येत नाही, ही समित्यांची फार मोठी सोय आहे.

निशांतची मोटारसायकल मगदूमच्या गोडाऊनवर राहिली होती. ती आणायला मी गेले. ऑक्टोबरचं ऊन रटरटत होतं. गोडाऊनच्या पत्र्यावर आमचे निळे ड्रम ओळीने मांडलेले. मी शिडीवरून हात लावून पाहिला तर चटका बसला. प्रत्येक ड्रमवर 'सावलीत ठेवा' असं मी स्वतः चिकटवलेलं होतं.

"हे वर का ठेवलेत?" मी वॉचमनला विचारलं.

"शेकायला, ताई." त्याने इतक्या सहज सांगितलं की जणू पापड वाळत घातले होते. "ऊन लागलं की वास करणारं जितराब मरतंय. दुसरं मरत न्हाई. सीलबी फोडाय लागत न्हाई. सगळीच शेकत्यात की."

मी तिथेच शिडीला धरून उभी राहिले. मौनीला जाड कवच आहे, उष्णता त्याचं काही बिघडवत नाही. राखण नाजूक. हे प्रयोगशाळेत आम्हाला माहीत होतं, पण कुणी असं करील हे डोक्यात आलं नव्हतं. गिऱ्हाइकाला पाइपाचा वास नको होता, मगदूमला गिऱ्हाईक हवं होतं. त्यासाठी त्याने पहारेकऱ्याला उन्हात घालून मारलं, आणि मग पहारेकरी ओरडला नाही म्हणून माझ्या भावाला खाली पाठवलं.

मी तक्रार केली. तपासणी आली तेव्हा ड्रम सावलीत होते, वॉचमन बदललेला होता. तपासणीची वार्ता तपासणीच्या आधी पोचते, हे काही नवं नाही. एक झालं, निशांतच्या मरणाने बाकीचे कंत्राटदार टरकले आणि त्यांनी आपापले ड्रम पत्र्यावरून उतरवले. मगदूमने मात्र तपासणी गेल्यावर आपले पुन्हा वर चढवले. त्याला कशाची भीती?

"मी कलम सात काढायला लावते," मुजावर मॅडम म्हणाल्या. "माणूस टाकीत उतरणारच नाही, अपवादसुद्धा नको. पुढच्या आवृत्तीत होईल."

"पुढच्या आवृत्तीत निशांत परत येणार आहे का?"

त्यांनी मार्गदर्शिका उघडून सातव्या कलमावर रेघ मारली. चांगली बाई. पण चांगुलपणाने मगदूमचं काय वाकडं होणार होतं? मला तो पाहिजे होता. कोर्टात, खुर्चीवरून खाली, सगळ्यांसमोर.

सुबाभळीचं बी पेरण्याआधी गरम पाण्यात टाकतात, हे नर्सरीतल्या कुणालाही विचारा. चटका बसल्याशिवाय ते रुजत नाही. काही जिवाणूही असेच असतात. कवचात झोपून राहतात आणि चांगली ऊब मिळाली की उठतात. हिवाळाभर मी तेच केलं. राखण तापवायची, मेलेली टाकून द्यायची, जगलेली वाढवायची, पुन्हा तापवायची. सोबतीला एका कवचवाल्या भावंडाचे गुण तिच्यात आणले. शेवटी जी राखण हाती आली ती सावलीत ठेवली तर नेहमीसारखी सौम्य. तापवली तर मरत नव्हतीच, उलट चवताळून उठत होती आणि असा वास सोडत होती की कुजलेल्या बोंबलाला लसणाची फोडणी दिल्यासारखा. त्या वासाने कुणी मरणार नव्हतं, एवढं मी दहादा तपासलं. पण कुणाला जेवणही जाणार नव्हतं.

मी ती सगळ्याच ड्रममध्ये भरली. मगदूमच्या ड्रममध्ये वेगळी आणि दुसऱ्यांच्या ड्रममध्ये वेगळी, असं केलं नाही. जो सरळ वागेल त्याला काही होणार नव्हतं. असं विनापरवाना वाण बाहेर सोडणं हा गुन्हा आहे. मॅडमना मी कळू दिलं नाही.

मे महिन्यात मगदूमच्या मुलीचा साखरपुडा होता, त्याच्याच बंगल्यावर, भरदुपारी. इचलकरंजीचे सूतगिरणीवाले व्याही. बंगल्याच्या टाकीत नव्या ड्रमचा पहिला डोस आदल्याच दिवशी पडलेला, अर्थातच त्याच्या स्वतःच्या माणसांनी, त्याच्याच शेकलेल्या ड्रममधून टाकलेला. मी समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी उभी राहिले. हातात एक साडी होती, इस्त्रीला द्यायला म्हणून आणलेली.

आधी एक म्हातारी नाकाला पदर लावून बाहेर आली. मग दोन पोरी. मग पंगतच्या पंगत उठली. मांडवातून एकजण ओरडला, "मेलंय काय इथं?" व्याही गाडीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांची बायको सगळ्यांच्या देखत ओकली. तोवर मगदूमचे फोन खणखणायला लागले होते. त्याने ज्या ज्या कॉलनीत डोस टाकले होते तिथे तिथे हाच प्रकार. त्याने गाडी बोलावली. तोच ड्रायव्हर होता.

"सोंड लाव! आन् एक माणूस आत सोड, काय मेलंय बघाय सांग!"

ड्रायव्हरने मागे उभ्या असलेल्या दोघा कामगारांकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत.

"दादा, वास येतोय," तो म्हणाला. "कलम सात हाय."

"मला कायदा शिकवतोस व्हय रे?"

"न्हाई दादा. तुम्हीच शिकवलाय. वास न्हाई तर उतर म्हणायचा. आता हाय."

मगदूमचा चेहरा मला टपरीवरून नीट दिसत होता. मला आनंद झाला. लाज वाटली पाहिजे होती म्हणतात, मला नाही वाटली. नाक फाटेस्तोवर मी तो वास आत ओढला. इस्त्रीवाला म्हणाला, "ताई, साडी देताय ना?" मी म्हटलं, घे रे बाबा, चांगली कडक कर.

घरी गेले ती शिट्टी वाजवतच. सुदर्शन अजून आले नव्हते. सुदर्शन माझे यजमान. त्यांचा स्वतःचा एक टँकर आहे, सह्याद्री कॉलनीचं काम बघतात. निशांत गेला तेव्हा त्यांनीच त्याला खांदा दिला, त्यांनीच मगदूमला भरचौकात शिव्या घातल्या. आज त्यांना सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. संध्याकाळी ते आले ते मागच्या दारानेच न्हाणीत गेले. शर्ट भिजवून दगडावर ठेवला होता. मी तो उचलला.

बोंबील आणि लसूण.

ते टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. माझ्या हातात शर्ट बघून थांबले.

"ड्रम शेकलेत तुम्ही?"

"काय बोलतीस?"

"हा वास शेकल्याशिवाय येत नाही. मी केलाय तो, मला माहीत आहे. शेकलेत का?"

त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाले, "मी कधी कुणाला आत उतरवलं न्हाई, कांचन. माझ्या गळ्याची शपथ."

"निशांतनंतरसुद्धा शेकलेत?"

"तुला काय कळणार?" ते एकदम तडकले. "तू पांढरा कोट घालून बसतीस. राखणेचा डोस टाकून आलो की दोन दिस अंगाला वास राहतोय, थोडा का असंना. दुकानात बाया सरकून उभ्या राहत्यात. माझ्या बापानं काढलं तसं मी न्हाई काढणार आयुष्य. शेकलं, व्हय. गिऱ्हाइकासाठी न्हाई, माझ्यासाठी."

मला निशांतचा सोफा आठवला, आणि बशी. हे मला खोटं म्हणता आलं नाही. पण मगदूमही उद्या असंच काहीतरी सांगेल, त्याच्याही पोटात कुठलंतरी दुखणं असेलच. मी त्यांना जेवायला वाढलं. दोघंही जेवलो नाही. त्यांनी त्याच आठवड्यात स्वतः राबून सह्याद्रीच्या टाक्या धुऊन काढल्या. तिथल्या कुणी तक्रार केली नाही. वास मगदूमच्याच टाक्यांवरून वाऱ्याने येतोय, असं सगळ्यांना वाटलं.

मगदूम मात्र प्रयोगशाळेत येऊन टेबलावर हात आपटून गेला. "तुमच्या मालानं माझी अब्रू गेली मॅडम. तुम्हाला टाळं लावतो का न्हाई बघा." मुजावर मॅडमनी संध्याकाळपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"हे तू केलंस."

"हो."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "वीस जणांची पोटं आहेत कांचन इथे. तुझ्या एकटीचा भाऊ गेला म्हणून ती सगळी पणाला लावायची?"  

मगदूमच्या तक्रारीवरून चौकशी समिती नव्याने बसली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई. मॅडम काही बोलायच्या आत मी उठले आणि सगळं सांगितलं. वाण मी बदललं, मॅडमना ठाऊक नव्हतं, ड्रम तापवला तरच हा वास येतो, आणि मगदूमांचे ड्रम तापवलेले होते, निशांत मेला तेव्हाही होते. मगदूमचा वकील मोठा गोड माणूस. त्याने हात जोडून माझ्या दुःखात सहभागी असल्याचं सांगितलं आणि मग सुरी काढली.

"ताई, तुमचा आमच्या अशिलावर राग आहे?"

"आहे."

"सगळ्या ड्रममध्ये हेच वाण घातलं म्हणता. मग आख्ख्या तालुक्यात वास फक्त आमच्याच अशिलाकडे कसा? बाईसाहेब, ऊन, पत्रा, शेकणं, ही सगळी कहाणी आहे. हिने सूडापोटी नेमके आमचे ड्रम नासवले."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "प्रश्न रास्त आहे. दुसरं एखादं उदाहरण देता येईल का तुम्हाला? मगदूम सोडून?"

मगदूम खुर्चीत मागे रेलला होता. सुटलोच, असं त्याच्या तोंडावर होतं. सुदर्शन शेवटच्या रांगेत बसले होते. मला सोबत म्हणून आले होते ते, डबासुद्धा आणला होता. मी 'नाही' म्हणाले असते तर आम्ही दोघं तो डबा खाऊन घरी गेलो असतो, आणि मगदूम त्याच्या घरी.

"आहे," मी म्हणाले. "सह्याद्री कॉलनी. सुदर्शन वायदंडे यांचा टँकर. त्यांनीही ड्रम शेकले, त्यांच्या टाक्यांतही हाच वास आला. टाक्या धुतल्या असल्या तरी तळाला नमुना सापडेल. त्यांच्यावर माझा कसलाही राग नव्हता. ते माझे यजमान आहेत."

वकील खाली बसला. मागे वळून बघायचं धाडस मात्र मला झालं नाही.

नमुने सापडले. मगदूमचा परवाना गेला आणि निशांतच्या मृत्यूचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. माझ्यावरही गुन्हा आहे, तो मी नाकारलेला नाही. प्रयोगशाळेला टाळं लागलं. मुजावर मॅडम माझ्याशी बोलत नाहीत, पण कलम सात त्यांनी पाठपुरावा करून काढायला लावलं. सुदर्शनचा टँकर जप्त झाला.

मी साक्ष दिली त्या दिवशी समितीच्या दारात ते माझी वाट बघत उभे होते. डब्याची पिशवी हातात तशीच होती.

"माझं नाव घेतलं नसतंस तर काय बिघडलं असतं, कांचन?"

"काही नाही," मी म्हणाले. "निशांत गेला तेव्हाही कुणाचं काही बिघडलं नव्हतं."